टायरची पकड : पुढच्या चाकांचा हिशोब



गेल्या सत्रात घर्षणाचा धडा शिकवताना मागच्या बाकावरून एक प्रश्न आला. "सर, घर्षण पृष्ठभागाच्या क्षेत्रफळावर अवलंबून नसतं असं पुस्तकात लिहिलंय. मग शर्यतीच्या गाड्यांना रुंद टायर कशाला लावतात?" प्रश्न उत्तम होता. मी अर्धं उत्तर दिलं आणि तास संपल्याची घंटा झाली. उरलेलं अर्धं उत्तर मी इथे देतो आहे. ते मला वर्गात नाही, तर गणपतीच्या सुट्टीत घरी सापडलं. खरं तर ते अठ्ठावीस वर्षांपूर्वीच सापडायला हवं होतं.

माझं घर रायपूरच्या तात्यापाऱ्यात. छत्तीसगढीत पारा म्हणजे वस्ती, मोहल्ला. नागपूरकर भोसल्यांच्या अमलात छत्तीसगडात मराठी माणसं येऊन राहिली, आणि तात्यापाऱ्यात आजही सकाळी अंगणात मराठी ऐकू येते, जरी तिच्यात निम्मे शब्द हिंदी असले तरी. शारदा चौकाकडून तात्यापारा चौकाकडे येणारा रस्ता अरुंद, गर्दीचा. पावसात तिथे रिक्षा, स्कूटर, हातगाडी आणि मोटार एकमेकांना अगदी खेटून उभ्या असतात.

माझा पुतण्या चोवीस वर्षांचा. त्याने पहिल्या पगारातून पैसे साठवून जुनी हॉट हॅच घेतली. हॉट हॅच म्हणजे दिसायला साधी, मागे उघडणाऱ्या दाराची छोटी गाडी; पण आत दांडगं इंजिन. १९७६ साली आलेल्या फोक्सवॅगन गोल्फ जीटीआयमुळे हा प्रकार जगभर गाजला. या गाड्यांचं इंजिन पुढे असतं आणि चालतातही त्या पुढच्याच चाकांवर. आपल्याकडे अशी पुढच्या चाकांवर चालणारी गाडी घराघरांत पोचली ती १९८३ साली आलेल्या मारुती ८०० मुळे. त्याआधीच्या अँबॅसिडर आणि पद्मिनी मागच्या चाकांवर चालायच्या.

मी पोचलो त्या संध्याकाळी पुतण्या गप्प होता. जेवण झाल्यावर म्हणाला, "काका, काल थोडक्यात वाचलो." चौकात सिग्नल हिरवा झाला, पावसाची भुरभुर होती, त्याने अ‍ॅक्सिलरेटर जरा जोरात दाबला. पुढची चाकं जागच्या जागी फिरली, स्टिअरिंग हातात वळवळलं आणि गाडी उजवीकडे ओढली गेली. शेजारी स्कूटरवर एक आजोबा होते. त्यांचा पाय आणि गाडीचा दरवाजा यांच्यात वीतभर अंतर उरलं.

"मला ग्रिप वाढवायची आहे," तो म्हणाला. त्याने यादीच काढली होती : रुंद टायर, मोठी रिम, खाली बसवणाऱ्या स्प्रिंगा, खास डिफरन्शियल. बेरीज साठ हजारांच्या पुढे. मी त्याला म्हटलं, "आधी हिशोब करू. खर्च नंतर."

तो हिशोब तुम्हीही वही घेऊन करा.

१. रबर पुस्तकातला नियम पूर्ण पाळत नाही

पुस्तकातला नियम असा : घर्षण = घर्षणांक × भार. भार दुप्पट केला की घर्षणही दुप्पट, क्षेत्रफळाचा संबंध नाही. हा नियम फ्रेंच अभ्यासक आमोंतों यांनी १६९९ मध्ये मांडला. लाकूड, लोखंड अशा कडक वस्तूंना तो बराचसा लागू पडतो. रबर मात्र मऊ आणि लवचीक. ते डांबराच्या खडबडीत कणांत दबून बसतं, त्यांना चिकटतं आणि पुन्हा मूळ आकारात येताना ऊर्जा गमावतं. चिकटणं आणि दबणं या दोन्हींतून पकड तयार होते. भार वाढला की पकड वाढते, पण भाराच्या प्रमाणात नाही. जरा कमीच वाढते. म्हणजे भार वाढतो तसा रबराचा घर्षणांक घसरतो.

एक उदाहरण घेऊ. आकडे हिशोबासाठी धरलेले आहेत. समजा एका टायरवर १५०० न्यूटन भार असताना घर्षणांक ०.९८, ३००० वर ०.९० आणि ४५०० वर ०.८२ आहे. पुढच्या दोन्ही टायरांवर सारखा, प्रत्येकी ३००० न्यूटन भार असेल, तर एकूण पकड ५४०० न्यूटन. आता गाडी वळणात आहे, बाहेरच्या टायरवर ४५०० आणि आतल्यावर १५००. पकड झाली ३६९० + १४७०, म्हणजे ५१६०. एकूण भार तेवढाच, ६००० न्यूटन. पण तो असमान वाटला गेला म्हणून २४० न्यूटन पकड गेली.

या लेखातला हा सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा आहे. चौघांनी मिळून ओंडका उचलताना तिघांनी हात ढिले सोडले तर चौथा चौपट ताकद लावू शकत नाही. टायरचंही तसंच आहे. चारही टायरांनी सारखं काम केलं तर पकड जास्त मिळते.

२. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीची अडचण

पुतण्याची गाडी चालकासह १००० किलो धरू. पुढच्या व मागच्या चाकांतलं अंतर २.४ मीटर, गुरुत्वमध्याची उंची ०.५५ मीटर. इंजिन पुढे असल्यामुळे उभ्या गाडीचा ६० टक्के भार पुढच्या चाकांवर, म्हणजे ६०० × ९.८ = ५८८० न्यूटन.

आता गाडी वेग घेते. तुम्ही बसमध्ये उभे असताना बस सुटली की मागे झुकता, तशी गाडीही मागे बसते. पुढच्या चाकांवरचा काही भार मागे जातो. किती जातो ते या सूत्राने निघतं :

मागे गेलेला भार = ओढणारं बल × गुरुत्वमध्याची उंची ÷ चाकांमधलं अंतर

कोरड्या रस्त्यावर घर्षणांक ०.८ धरला, तर पुढच्या चाकांना जास्तीत जास्त किती बल लावता येईल? ते बल F मानू.

F = ०.८ × (५८८० − F × ०.५५ ÷ २.४)

सोडवल्यावर F येतं सुमारे ३९७५ न्यूटन. म्हणजे त्वरण साधारण ४ मीटर प्रति सेकंद वर्ग. उभ्या गाडीत पुढच्या चाकांवर ५८८० न्यूटन होते. या क्षणी तिथे ४९७० च्या आसपासच उरले. ज्या चाकांना ओढायचं आहे त्यांच्यावरचा भार नेमका ओढतानाच कमी होतो. ही अडचण गाडीच्या रचनेतच आहे. कुठलाही टायर लावला तरी ती जात नाही.

ओल्या रस्त्यावर घर्षणांक ०.५ धरा. तेच गणित केल्यावर F येतं सुमारे २६४० न्यूटन.

आता इंजिनाची बाजू पाहू. इंजिनाचा टॉर्क १७० न्यूटन मीटर, चाकाची त्रिज्या ०.३ मीटर, आणि वाटेत दहा टक्के शक्ती वाया जाते असं धरू. गिअरची एकूण पट पहिल्यात १४.५, दुसऱ्यात ८ आणि तिसऱ्यात ५.५. मग पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर टायरपाशी बल येतं :

पहिला गिअर : सुमारे ७४०० न्यूटन
दुसरा गिअर : सुमारे ४०८० न्यूटन
तिसरा गिअर : सुमारे २८०० न्यूटन

हे आकडे वरच्या आकड्यांशेजारी लिहा. कोरड्या रस्त्याची मर्यादा ३९७५. पहिल्या गिअरमध्ये इंजिन तिच्या जवळजवळ दुप्पट ढकलू शकतं. ओल्या रस्त्याची मर्यादा २६४०. म्हणजे पावसात तिसऱ्या गिअरमध्येही पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर दिला तर चाक घसरू शकतं. पुतण्याने वही दोनदा तपासली आणि म्हणाला, "म्हणजे काका, टायर कमी पडत नाहीये. माझा पाय जास्त पडतोय."

मी म्हटलं, "दोन्ही. पण पायापासून सुरुवात कर. तो फुकट आहे."

३. पकडीचं वर्तुळ

टायरकडे पकडीची एकच पुंजी असते. ओढणं, थांबवणं आणि वळवणं या तिन्ही कामांना त्यातूनच खर्च करावा लागतो. आणि या गाडीत पुढचे दोन टायर तिन्ही कामं करतात : गाडी ओढतात, वळवतात, ब्रेक लावल्यावर थांबवण्याचा मोठा वाटाही उचलतात. मागचे टायर बिचारे बहुतेक वेळ नुसते मागोमाग येतात.

खर्चाचा हिशोब पायथागोरसच्या प्रमेयाने होतो. टायरची एकूण पकड १०० माना. वळण्यासाठी ६० वापरली तर ओढण्यासाठी ४० नाही, ८० उरते. कारण ६० चा वर्ग अधिक ८० चा वर्ग म्हणजे १०० चा वर्ग. वळण्यासाठी ८० वापरली तर ६० उरते. वळण्यासाठीच पूर्ण १०० वापरली तर ओढायला किंवा ब्रेकला काहीच उरत नाही.

म्हणून जाणते चालक वळणाआधी सरळ रस्त्यावर ब्रेक लावतात, वळणात पाय हलका ठेवतात आणि स्टिअरिंग सरळ होत जाईल तसतसा वेग वाढवतात. एका हाताने सलामी आणि दुसऱ्या हाताने रायफल सांभाळता येते. पण दोन्ही कामं एकाच हाताने करायला सांगितली तर क्रम लावावाच लागतो.

चाक जराही न घसरता जास्तीत जास्त पकड मिळते असंही नाही. रस्त्याच्या वेगापेक्षा चाक थोडं जास्त फिरत असतं, साधारण दहा टक्क्यांच्या आसपास, तेव्हा पकड सर्वात जास्त असते. त्याच्या बरंच पुढे गेलं की पकड घसरते. धूर काढणारं चाक आवाज मोठा करतं, काम कमी करतं. ब्रेक लावताना चाक पूर्ण अडकलं तरी तेच होतं. एबीएस चाकाला अडकू देत नाही, त्यामागे हेच कारण आहे.

४. स्वस्तापासून महागापर्यंत

दुसऱ्या दिवशी सकाळी आरती झाल्यावर आम्ही गाडीपाशी बसलो. क्रम मी ठरवला : ज्याला पैसे लागत नाहीत ते आधी.

*हवा.* गाडी रात्रभर उभी होती, टायर थंड होते. मोजली तर चाळीस पीएसआय. दाराच्या चौकटीवरच्या पट्टीवर लिहिलं होतं तेहतीस. "जास्त हवेने मायलेज मिळतं," पुतण्या म्हणाला. मिळतं थोडं, पण टायर फुगतो, मधल्या पट्ट्यावर टेकतो आणि रस्त्याशी संपर्क घटतो. अंदाज करून पाहा. पुढच्या एका चाकावर २९४० न्यूटन भार आणि ३३ पीएसआय म्हणजे सुमारे २ लाख २७ हजार पास्कल दाब. भागाकार केला की संपर्काचं क्षेत्रफळ येतं साधारण १३० चौरस सेंटीमीटर, तळहाताएवढं. ४० पीएसआयला ते १०७ वर येतं. अख्खी गाडी चार तळहातांवर उभी असते, आणि त्यांतलाही भाग आपण जास्त हवा भरून गमावतो.

हवा नेहमी थंड टायरची मोजावी. तापमान दहा अंशांनी वाढलं की ३३ पीएसआयचा दाब सुमारे दीड पीएसआयने वाढतो. पळून आलेल्या तापलेल्या टायरमधून 'जास्तीची' हवा काढली, तर थंड झाल्यावर ती कमी भरते. वाळवंटात वाळूत रुतू नये म्हणून गाड्यांच्या टायरमधली हवा कमी करतात हे तुम्ही ऐकलं असेल. ती युक्ती वाळूपुरती. डांबरावर कमी हवेचा टायर कडांवर चालतो, तापतो आणि फाटू शकतो.

*अलाइनमेंट.* मी पुतण्याला पुढच्या टायरवरून तळहात आडवा फिरवायला सांगितला. आतून बाहेर नेताना गुळगुळीत, बाहेरून आत आणताना करवतीसारखं टोचतं. याचा अर्थ दोन्ही चाकं एकमेकांना समांतर नाहीत. सरळ रस्त्यावरही ती थोडी तिरकी घासत जातात. म्हणजे पकडीच्या पुंजीतला काही भाग वळण येण्याआधीच खर्च होतो. अलाइनमेंटला काहीशे रुपये लागतात.

*टायरचं वय.* टायरच्या बाजूवर चार आकडे कोरलेले असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. रबर ऊन आणि हवेने कडक होत जातं. रायपूरच्या मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो. अशा उन्हात उभ्या राहणाऱ्या गाडीचे टायर नक्षी शिल्लक असूनही म्हातारे होतात. नखाने दाबून पाहिलं तर या टायरवर खूणही उमटेना. बाजूच्या भिंतीवर बारीक भेगा होत्या.

*नक्षीची खोली.* टायरवरच्या खाचा पाणी बाहेर फेकण्यासाठी असतात. कोरड्या रस्त्यावर त्यांचा फारसा उपयोग नाही. शर्यतीचे कोरड्या दिवसाचे टायर म्हणूनच गुळगुळीत असतात. पावसात मात्र खाच उथळ असेल तर पाण्याला वाट मिळत नाही, टायर पाण्यावर तरंगतो आणि स्टिअरिंग एकदम हलकं लागतं. आपल्या नियमानुसार मोटारीच्या टायरला किमान १.६ मिलिमीटर खोली हवी. खाचांच्या तळाशी छोटे उंचवटे असतात. नक्षी झिजून त्यांच्या पातळीला आली की टायर संपला. पुतण्याचे पुढचे दोन्ही टायर तिथवर आले होते.

*रुंदी.* आता मागच्या बाकावरच्या त्या प्रश्नाचं उत्तर. हवेचा दाब तोच ठेवला तर टायर रुंद केल्याने संपर्काचं क्षेत्रफळ फारसं वाढत नाही; त्याचा आकार बदलतो. लांबट पट्टा आखूड आणि रुंद होतो. वळणात त्याचा फायदा होतो. शिवाय शर्यतीच्या टायरचं रबर खूप मऊ असतं, ते लवकर झिजतं आणि तापतं. रुंद टायरमध्ये झीज आणि उष्णता वाटली जाते. म्हणजे तिथली पकड रुंदीपेक्षा रबराची जास्त. उलट पावसात रुंद टायरला जास्त पाणी बाजूला सारावं लागतं आणि तो लवकर तरंगतो. तात्यापारा चौकात भुरभुर पावसात घसरणाऱ्या गाडीला रुंद टायर हे औषध नाही. कंपनीने सांगितलेल्याच मापाचा, चांगल्या रबराचा, नवा टायर हे औषध आहे. ओल्या रस्त्यावरच्या पकडीसाठी हल्ली रबरात सिलिका मिसळतात; टायर घेताना दुकानात ते विचारावं.

*डिफरन्शियल आणि स्प्रिंगा.* साधं डिफरन्शियल दोन्ही चाकांना सारखाच टॉर्क देतं. एक चाक चौकातल्या झेब्रा पट्ट्याच्या ओल्या रंगावर असेल, तर ते जेवढं पेलतं तेवढंच दुसऱ्यालाही मिळतं. खास डिफरन्शियल दोन्ही चाकांना थोडं बांधून ठेवतं. शर्यतीत ते लागतं. मागचा अँटी-रोल बार कडक केला, तर वळणातला असमान भार मागच्या जोडीवर जास्त जातो, पुढची जोडी समतोल राहते आणि पहिल्या मुद्द्यातले ते २४० न्यूटन पुढे थोडे परत मिळतात. छोट्या गाड्या शर्यतीत वळताना मागचं आतलं चाक हवेत उचलतात, ते याचमुळे. पण हे करताना मागच्या जोडीची पकड कमी होते, आणि रस्त्यावर ते धोक्याचं आहे. किती धोक्याचं, ते पुढे सांगतो.

५. दोनच टायर घ्यायचे असतील तर

हिशोब संपला तेव्हा साठ हजारांची यादी आटली होती. उरलं : हवा, अलाइनमेंट आणि टायर. पुतण्याकडे त्या महिन्यात दोनच टायरांचे पैसे होते. मागचे टायर मध्यम झिजलेले, अजून चालण्यासारखे.

"मग नवे दोन पुढे," तो म्हणाला. "ओढतात पुढची, वळवतात पुढची. सरळ आहे."

माझा धाकटा भाऊ, म्हणजे त्याचे वडील, पायरीवर बसून मोदकासाठी नारळ खवत होते. खवता खवता ते म्हणाले, "मागे लाव."

"का, बाबा?"

भाऊ काही बोलला नाही. त्याने माझ्याकडे पाहिलं. सांगायचं मला होतं.

१९९७ चा ऑगस्ट. मी पदार्थविज्ञानात एमएस्सी करत होतो. भाऊ एकवीस वर्षांचा. त्याला एसएसबीच्या मुलाखतीचं बोलावणं आलं होतं, तीन आठवडे बाकी होते. रोज पहाटे धावायचा, संध्याकाळी आरशासमोर उभा राहून इंग्रजीत बोलायचा सराव करायचा. घरात वडिलांची पुढच्या चाकांवर चालणारी छोटी गाडी होती. पुढचे टायर गुळगुळीत झाले होते. दुकानात मी गेलो. दोन टायरचे पैसे होते. दुकानदाराने विचारलं, कुठे बसवू? मी ठासून सांगितलं, पुढे. याच कारणासाठी : ओढतात पुढची, वळवतात पुढची. मला पदार्थविज्ञान येत होतं ना.

चार दिवसांनी आम्ही दोघं धमतरीच्या रस्त्याने निघालो. गाडी मी चालवत होतो. पाऊस होता. अभनपूरच्या अलीकडे एका वळणात समोर बैल आला. मी दचकलो आणि अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय एकदम काढला. ब्रेकही नाही, नुसता पाय काढला. गाडीचा मागचा भाग एकदम बाहेर निघाला, गाडी गोल फिरली आणि डावी बाजू झाडावर आदळली. भाऊ डावीकडे बसला होता. त्याचं कोपर मोडलं. हात वाचला, पण तो पुन्हा पूर्ण सरळ झाला नाही. एसएसबीच्या तारखेला तो प्लास्टरमध्ये होता, आणि पुढे वैद्यकीय तपासणीत असा हात चालत नाही हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं.

त्या वळणात काय झालं ते आता तुम्ही स्वतः मांडू शकता. पाय काढताच गाडीचा वेग घटला आणि भार मागून पुढे गेला. दुसऱ्या मुद्द्यातलं सूत्र, फक्त दिशा उलटी. पुढच्या नव्या टायरांवर भार वाढला, त्यांची पकड आणखी वाढली. मागच्या झिजलेल्या टायरांवरचा भार कमी झाला, खाचा उथळ, खाली पाणी. पुढची जोडी घट्ट धरून वळली आणि मागची सुटली. अशी गाडी सावरायला फार कमी वेळ मिळतो; सामान्य चालकाला तो पुरत नाही.

याउलट मागची जोडी चांगली आणि पुढची तुलनेने कमी असेल, तर पावसात आधी पुढची घसरते. गाडी वळणाच्या बाहेर सरळ जाऊ पाहते. ते स्टिअरिंगमध्ये हाताला आधी कळतं. पाय हलका केला की वेग घटतो, भार पुढे येतो आणि पुढची पकड परत येते. चूक होते, पण ती सावरण्याची संधी मिळते.

म्हणून नियम असा : दोनच टायर नवे घ्यायचे असतील तर नवे मागे लावा आणि मागचे चांगले असलेले पुढे आणा. गाडी पुढच्या चाकांवर चालणारी असली तरीही. पुढचे लवकर झिजतात, मग पुन्हा तोच क्रम. आणि जमेल तेव्हा चारही एकदम बदला.

मी बोलत होतो तेव्हा पुतण्या वडिलांच्या हाताकडे पाहत होता. तो हात त्याने जन्मापासून वाकडाच पाहिला होता. 'पडलो होतो' एवढंच त्याला माहीत होतं. भावाने नारळाची वाटी खाली ठेवली आणि म्हणाला, "दादा, इतकी वर्षं तू हे वर्गात शिकवत असशील असं मला वाटायचं."

मी शिकवत नव्हतो. घर्षणाचा धडा मी चोवीस वर्षं शिकवतो आहे. पाटावर ठोकळा, ठोकळ्यावर वजन, ठोकळ्याला स्प्रिंग काटा. हा भाग मी नेहमी सोडून देत आलो. मागच्या बाकावरच्या त्या प्रश्नाला मी अर्धंच उत्तर दिलं, कारण घंटा झाली असं मी वर लिहिलं. घंटा झाली हे खरं. पण मला उरलेलं सांगायचं नव्हतं, हेही खरं.

पुतण्याने टायर दोनच घेतले आणि ते मागे लावले. मागचे पुढे आणले, अलाइनमेंट केलं, हवा तेहतीसवर आणली. त्याच संध्याकाळी पाऊस होता. तात्यापारा चौकात सिग्नल हिरवा झाला तेव्हा मी शेजारी बसलो होतो. त्याने क्लच सावकाश सोडला, अ‍ॅक्सिलरेटर अंगठ्यानेच दाबावा तसा दाबला. गाडी न घसरता पुढे निघाली. कुणी वळूनही पाहिलं नाही. चांगली पकड अशीच असते. तिचा आवाज येत नाही.

पालकांसाठी : अठरा वर्षं पूर्ण होऊन परवाना मिळेपर्यंत आपल्या छात्राच्या हाती मोटार देऊ नये. मात्र घरातल्या गाडीच्या टायरची हवा, वय आणि नक्षी तपासायचं काम त्याच्याकडे जरूर द्यावं. ते तो उत्तम करील.

छात्रांसाठी स्वाध्याय

१. वरचीच १००० किलोची गाडी, पण मागच्या चाकांवर चालणारी आणि पुढे-मागे निम्मा-निम्मा भार असलेली घ्या. घर्षणांक ०.८. आता वेग घेताना मागे गेलेला भार ओढणाऱ्या चाकांवर येतो. जास्तीत जास्त ओढणारं बल काढा आणि ३९७५ न्यूटनशी तुलना करा.

२. टायर वळण्यासाठी ९६ पकड वापरत असेल तर एकूण १०० पैकी ब्रेकसाठी किती उरते? वळणात जोरात ब्रेक का लावू नये, ते या आकड्यावरून दोन वाक्यांत लिहा.

३. लाकडी ठोकळ्याच्या तळाला जुन्या टायरचा तुकडा चिकटवा. स्प्रिंग काट्याने तो फरशीवर ओढा : कोरड्या, ओल्या आणि धूळ असलेल्या. प्रत्येक वेळी ठोकळ्यावर वजन वाढवत न्या आणि बल भागिले भार हे गुणोत्तर तक्त्यात लिहा. ते स्थिर राहतं का, की घसरतं?

४. सुट्टीत घरच्या वाहनाचा प्रत्येक टायर पाहा. चार आकडी तारीख, थंड असतानाची हवा, नक्षीची खोली, कडांची झीज. मागची जोडी चांगली आहे की पुढची? वहीत लिहा आणि घरच्यांना वाचून दाखवा.

उत्तरं माझ्याकडे घेऊन या. आणि तास संपल्याची घंटा झाल्यावर प्रश्न उरला असेल, तर मला थांबवा.